माणिकप्पांचा कोप

धाराशिवच्या एसटी स्टँडासमोर, औषधाच्या दुकानावर, राजेश्वरी लोमटेची कचेरी आहे. पाटीवर ‘खाजगी तपास’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण खालच्या दुकानाची पाटी त्याहून मोठी, म्हणून निम्मे लोक खोकल्याचं औषध मागायलाच वर येतात. उरलेल्या निम्म्यांवर राजेश्वरीचं बरं चाललं होतं.

त्या सकाळी आलेल्या मुलीला खोकला नव्हता. तिनं खुर्चीत बसायच्या आधीच फोन टेबलावर ठेवला. त्यावर एक चित्र उघडं होतं.

“हे चित्र मी केलेलं नाही,” ती म्हणाली. “तेवढं सिद्ध करून द्या.”

राजेश्वरीच्या आधी फोन कृष्णराज मास्तरांनी उचलला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, आणि राजेश्वरी त्यांची विद्यार्थिनी. तिला चित्रकला काही जमली नाही. ती विमा कंपनीत अपघातांचे खोटे फोटो ओळखायचं काम करू लागली आणि मग तिनं स्वतःची कचेरी थाटली. मास्तर रोज तिथं पेपर वाचायला येत, आणि तपासात मदत करतो असं घरी सांगत.

“यंत्राचं चित्र आहे,” घरात पाल दिसल्यासारखं तोंड करून मास्तर म्हणाले. “या योद्ध्याला सहा बोटं आहेत बघ.”

चित्रात एक म्हातारा शेतात उभा होता. डोळे लाल, भुवया चढलेल्या, उजव्या भुवईवर खोक, पाठीमागं आगीचे लोळ. चेहरा खालून पाहिल्यासारखा. हनुवटी थोराड आणि नाकपुड्या फुगलेल्या. डोक्यावरून काळी घोंगडी. त्याच्या पुढ्यात मुकुट घातलेले पाच योद्धे धनुष्य ताणून उभे होते आणि पायाशी मातीचं गाडगं होतं. तळाला अक्षरांसारखं काहीतरी होतं. वरची रेघ मराठीची, पण खाली लोंबणाऱ्या काड्या कुठल्याच भाषेच्या नव्हत्या.

“हे कोण?” राजेश्वरीनं विचारलं.

“माणिकप्पा बिराजदार, माकणीचे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे आजोबा.” मुलीनं एक श्वास घेतला. “होणाऱ्या म्हणजे, परवापर्यंत.”

तिचं नाव शिवरंजनी. लोहाऱ्यात तिचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. वाढदिवस, उद्घाटन, दशक्रिया, सगळ्यांचे फलक ती करायची, आणि हल्ली निम्मी चित्रं ती चित्र काढणाऱ्या अॅपकडून करून घ्यायची. बिराजदारांच्या बसवेशशी तिचं लग्न ठरलं होतं. परवा ती वडील शरणप्पांना घेऊन तारीख ठरवायला माकणीला गेली होती.

“जेवणाआधी अप्पा म्हणाले, लग्नानंतर दुकान बंद कर. यंत्राची चित्रं म्हणजे काय काम म्हणायचं का? मी म्हटलं, अप्पा, दुकान बंद होणार नाही. आवाज चढवला नाही, पण सांगितलं. मग समजावं म्हणून त्यांच्या दूध केंद्राच्या फोनवर ते अॅप टाकून दाखवलं. म्हशीचं चित्र काढून दिलं. अप्पांनी खवचटपणे विचारलं, याला विंग्रजीतच सांगावं लागतं व्हय? मी म्हटलं, मराठीत बोललं तरी चालतं. ज्याचा फोटो नाही तेही काढून देतं.”

“मग?”

“जेवणं झाली, सगळे आडवे झाले. आणि दोन्ही घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे आलं. दूध केंद्राच्याच फोनवरून. तो फोन गल्ल्यावर पडलेला असतो, सगळेच वापरतात. मी बाबांची गोळी आणायला तिथूनच गाडीकडं गेले होते. दुकानावरून बोलणं झालेलं, अॅप मीच टाकलेलं, चित्रं मीच करते. आणखी काय पाहिजे लोकांना?”

“आणि चित्राचा अर्थ काय लावला त्यांनी?”

“समोर पाच पांडव, म्हणजे अप्पा कौरवांचा बाप! त्यांच्या सुनेनं, म्हणजे बसवेशच्या आईनं, महानंदाकाकूंनी, तिथंच सांगितलं, मामंजींचा असा अपमान करणारी पोरगी या घरात नको.”

“स्वतः अप्पा काय म्हणाले?”

“काहीच नाही. उठून आत गेले. त्यांच्या गप्प बसण्याचाच सगळ्यांनी अर्थ काढला.”

येळवस चार-पाच दिवसांवर आली होती. वेळ अमावस्येला त्या भागात माणूस घरी जेवत नाही. सगळा गाव शेतात जातो, ओळखीपाळखीचे जेवायला येतात. त्या जेवणात लग्नाची तारीख सांगायचं ठरलं होतं. आता बिराजदारांच्या शेतात शरणप्पांच्या घरच्यांना बोलावणं नव्हतं, आणि ते साऱ्या तालुक्याला दिसणार होतं.

“लग्न मोडलं तर मोडलं,” शिवरंजनी म्हणाली. “पण जे केलं नाही त्याचा डाग घेऊन मी राहणार नाही. दुकानात लोक बोलायला लागलेत, हिच्याकडं फोटो द्यावा की नाही म्हणून.”

राजेश्वरीनं चित्र पुन्हा जवळ घेतलं. “एक सांग. यंत्राला एखादा मराठी शब्द कळला नाही तर ते काय करतं? विचारतं?”

“तिथंच तर घोळ होतो. विचारत नाही. कळल्यासारखं करतं, जवळचा दिसेल तो अर्थ घेतं आणि चित्र देऊन टाकतं. म्हणून मी शब्द फोडून सांगते. आणि अक्षरं तर यंत्राकडून कधीच घेत नाही, त्याला मराठी लिहिता येत नाही. ती नंतर मी हातानं बसवते.”

“मास्तर, चप्पल घाला,” राजेश्वरी म्हणाली. “चित्र काढणारा हात नसला तरी आधी कुणीतरी एक वाक्य बोललेलं असतं. ते वाक्य शोधायचं.”

“चित्रातून वाक्य?” मास्तर म्हणाले. “मी पस्तीस वर्षं नोकरी केली, असलं काही ऐकलं नाही.”

तरी त्यांनी चप्पल घातली.

माकणीला बिराजदारांचं घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या खोलीत दूध केंद्र, मागं राहतं घर. खिडकीतून निम्न तेरणा धरणाचं पाणी दिसत होतं, हिवाळ्याच्या उन्हात अगदी शांत.

माणिकप्पा खाटेवर बसले होते. उंच, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि डाव्या भुवईवर जुनी खोक. मास्तरांचं लक्ष पहिलं त्या खोकेकडंच गेलं.

“बैलाचं शिंग,” माणिकप्पा म्हणाले. “पोरवयातलं हाय.”

“फोन गल्ल्यावर होता तेव्हा तुम्ही इथंच होता?” राजेश्वरीनं विचारलं.

“व्हतो. पर डोळा लागला हुता. आन् मला त्या फोनातलं काय कळत न्हाय.”

“शक कुणावर आहे तुमचा?”

“कुणावर न्हाय.”

“शिवरंजनीवर?”

“म्या तिचं नाव घेतलं न्हाय,” म्हातारा एकदम म्हणाला. मग आवाज खाली आणून, “घर म्हणायलंय ते.”

राजेश्वरीनं तो विषय सोडला. खिडकीकडं पाहत ती म्हणाली, “पाणी किती जवळ आहे तुमच्या.”

“जवळ? अवो, त्या पाण्याखाली आमचंच रान हाय. काळीभोर जमीन. आता वरच्या अंगाला घेतलीय दुसरी, वाईट न्हाय. पर येळवस म्हणलं की मला तेच रान दिसतंय.” त्यांनी खिडकीकडं पाठ केली. “चा घेणार का?”

चहा घेऊन महानंदाबाई आल्या. त्या सोलापूरकडच्या, बोलणं तिखट, पण आतबाहेर एक.

“मला ती पोरगी नको होती, खोटं कशाला बोलू?” त्या म्हणाल्या. “माझ्या भावाची मुलगी करायची होती. पण मला कुणाचं नाव बद्दू करायचं असतं तर मी मामंजींचं चित्र काढलं असतं का? माझंच काढलं असतं, रडतानाचं. जास्त उपयोग झाला असता.”

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी बशीत लपवलं.

“येळवशीची तयारी झाली?” राजेश्वरीनं विचारलं.

“चाललीय. आमच्या माहेरी नव्हता हा सण. लग्न होऊन आले तेव्हा पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणतात, हेही ठाऊक नव्हतं मला. त्यांच्यावर ते कडब्याचं खोपटं घालायचं, त्याची पूजा करायची. आता सगळं मीच करते.”

बसवेश गच्चीवर सापडला. पुण्यात नोकरी, सुट्टीवर आलेला, डोळ्यांखाली जाग्रण.

“चित्र आलं तेव्हा मी इथं ऑफिसच्या कॉलवर होतो. नंतर खाली जाऊन अॅप उघडून बघितलं, पण लॉग-इन न करता वापरलं की त्यात मागचं काही राहत नाही.”

“तुम्ही वापरता असली अॅप?”

“वापरतो. पण इंग्रजीतच लिहितो. मराठीत सांगायचा धीर होत नाही.” तो खाली बघत म्हणाला, “तिनं केलं नाही हे मला माहीत आहे हो. पण अप्पा गप्प, आई बोलतेय, आणि मी मध्ये उभा. मला बोलता आलं नाही.”

“ते तिला सांगा, मला नको,” राजेश्वरी म्हणाली.

शेवटचा युवराज, बिराजदारांकडचा गडी. दूध केंद्राचं काम तोच बघायचा. घरात शिकलेली सून आली की आपली गरज संपेल अशी त्याला धास्ती होती, आणि ती त्याला लपवता येत नव्हती.

“माझ्याकडं बगू नका बाई. म्या मागं कॅन धुवायलतो. मधी एकदा हितं कॅन ठेवून गेलो, बास. मला लई कामं हायत. रानात कोप घालायची हाय, पांडवाला चुना लावायचा हाय.” कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांचं ते खोपटंच, त्या गावात सगळे तसंच म्हणतात.

“कॅन ठेवायला आलात तेव्हा अप्पा झोपले होते?”

“न्हाय की. भिंतीकडं तोंड करून बसलेले. देवाची वचनं म्हणायलते.”

“कुठलं वचन?”

“ते काय मला कळतंय व्हय? एकच ओळ फिरूनफिरून म्हणायलते. थांबायचे, परत म्हणायचे.”

“आणि ते चित्र या फोनवर दाखवा बरं.”

“ह्याच्यात न्हायच ते!” युवराज म्हणाला. “समद्यांच्या फोनात हाय, जिथनं गेलं तिथंच न्हाय. करणारा लई हुशार हाय बगा. मागमूस पुसून गेला.”

राजेश्वरीनं तो फोन हातात घेतला, मास्तरांना शेजारी ओढलं आणि सेल्फी काढला.

“हे काय पोरखेळ?” मास्तर पुटपुटले. फोटो पाहून म्हणाले, “आणि आला तोही उलटा. मागची दूध केंद्राची पाटी बघ, अक्षरं फिरली आहेत. माझा भांगही दुसरीकडं गेला.”

“भांग आहे कुठं मास्तर,” राजेश्वरी म्हणाली, आणि फोन गल्ल्यावर ठेवला.

परतताना गाडीत मास्तरांनी निकाल देऊन टाकला. “महानंदाबाई. हेतू स्पष्ट आहे आणि बाईनं स्वतः कबूल केलाय. एवढं मोकळं बोलणारं माणूस मला आवडत नाही.”

“त्या खोकेचं काय?”

“कसलं काय? म्हाताऱ्याला ती डाव्या भुवईवर आहे. चित्रात उजव्या. यंत्राला डावं-उजवं कळत नाही, दुसरं काय! सहा बोटं काढणाऱ्याला भुवयांचं काय घेऊन बसलीस.”

“तुम्ही एकदा आम्हाला आरशासमोर बसवून स्वतःचं चित्र काढायला लावलं होतं.”

“तू नाकाच्या जागी बटाटा काढला होतास.”

राजेश्वरी हसली आणि लोहारा येईपर्यंत काही बोलली नाही. मास्तरांना वाटलं, बटाट्याचा राग आला.

येळवशीच्या आदल्या दुपारी दूध केंद्राच्या खोलीत सगळे जमले. माणिकप्पा खाटेवर, महानंदाबाई दारात, युवराज कॅनवर, बसवेश भिंतीला टेकून. शिवरंजनी आणि शरणप्पा दोन खुर्च्यांवर परक्यासारखे बसले होते. शरणप्पा गरीब स्वभावाचे. त्यांनी आल्यापासून मान वर केली नव्हती. आपल्या मुलीसाठी आपल्याला भांडता येत नाही याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

“चित्र कुणी केलं ते मागाहून सांगते,” राजेश्वरीनं सुरुवात केली. “आधी शिवरंजनीनं का केलं नाही, ते. तळाची ही अक्षरं बघा. यंत्राला मराठी लिहिता येत नाही. तिला हे रोजचं आहे. ती अक्षरं नंतर स्वतः बसवते. हे चित्र तिनं केलं असतं तर शिवी शुद्धलेखनासकट आली असती.”

“मुद्दाम बिघडवलं असेल,” महानंदाबाई म्हणाल्या.

“असेल. म्हणून दुसरी गोष्ट. चित्र या फोनवरून गेलं, आणि याच फोनवर नाही. युवराज म्हणतात करणारा हुशार. मी म्हणते, नवखा. आपण पाठवलेलं काढून टाकायला दोन पर्याय येतात, ‘माझ्यापुरतं’ आणि ‘सगळ्यांसाठी’. घाबरलेल्या माणसानं पहिला दाबला. त्याला वाटलं, गेलं. तसं या फोनवरून गेलंही. जगात राहिलं. ज्याला अपमान करायचा असतो तो पाठवलेलं पुसायला कशाला जाईल?”

महानंदाबाईंनी गल्ल्यावरच्या फोनकडं पाहिलं.

“आता वाक्य. हे चित्र कुठल्या वाक्यातून निघालं? त्यात पाच पांडव आहेत, तुम्ही त्यांना बघून कौरव शोधलेत. पण उद्या शेतात तुम्ही पाच पांडव मांडणारच आहात ना? पाच दगड, चुना लावून. यंत्राला दगड ठाऊक नाहीत. त्यानं ऐकलं पांडव, त्यानं दिले धनुष्यवाले पांडव. गाडगं आंबिलीचं आहे. मग ही येळवस आहे, महाभारत नाही. आणि येळवशीच्या चित्रात एक गोष्ट हवीच, ती यात कुठंच नाही.”

“कोप,” युवराज म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

“कोप. तुमची कोप म्हणजे कडब्याची झोपडी. बाकीच्या महाराष्ट्रात कोप म्हणजे काय हो मास्तर?”

“राग,” मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडाचा चंबू तसाच राहिला. “अरे देवा! तो कोप, ती कोप. यंत्राला व्याकरण कळलं नाही!”

राजेश्वरीनं गल्ल्यावरचा फोन उचलला, अॅप उघडलं, त्यातलाच, युवराजनं मागं कधी काढलेला माणिकप्पांचा एक साधा फोटो जोडला आणि फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, “रानात माणिकप्पांची कोप. वर घोंगडी. पुढं पाच पांडव आणि आंबिलीचं गाडगं.”

यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग पडद्यावर माणिकप्पा उभे राहिले, डोळ्यांत अंगार, पाठीमागं जाळ. झोपडी नसल्यानं घोंगडी बिचारी त्यांच्याच डोक्यावर आली. पुढं पाच धनुर्धारी.

महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. “म्हणजे शिवी नव्हतीच ही?”

“नव्हती. कुणीतरी मनापासून येळवशीचं चित्र मागितलं, आणि यंत्रानं राग काढून दिला. आता प्रश्न एवढाच की मागितलं कुणी. बसवेश इंग्रजीत सांगतात. महानंदाताई कोप म्हणतच नाहीत, खोपटं म्हणतात. युवराज कोप म्हणतात. शिवरंजनीही म्हणत असेल.”

“मग युवराजच राहिला,” मास्तर घाईनं म्हणाले.

“म्या न्हाय!”

“नाहीच. मास्तर, तुम्ही गाडीत मला उत्तर दिलं होतं, तुमच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आताच्या चित्रात खोक कुठं आहे?”

मास्तर वाकले. “डाव्या भुवईवर. बरोबर आहे.”

“म्हणजे यंत्राला डावं-उजवं कळतं. आधीच्या चित्रात ती उजवीकडं गेली कारण यंत्राला दिलेला फोटोच उलटा होता. या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो काढतो. तुमची पाटी उलटी आली होती. दुसऱ्यानं काढलेला फोटो सुलटा असतो. उलटा येतो तो आपला आपण काढलेला. आणि हनुवटी थोराड, नाकपुड्या मोठ्या, तेही टिंगल म्हणून नाही. सवय नसलेला माणूस फोन छातीशी धरून सेल्फी काढतो.”

राजेश्वरी इथं थांबली. वचनांचं ती बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती. युवराजचे डोळे हळूहळू खाटेकडं वळले होते, आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांचे.

“बाई,” माणिकप्पा म्हणाले, “फुडचं मला सांगू द्या.”

ते उठायला गेले, पण बसूनच राहिले.

“म्याच केलंय ते. ही म्हणली, ज्याचा फोटू न्हाय ते बी काढून देतंय. जेवताना माझ्या डोस्क्यात तेच. धरणात गेलेल्या रानाचा आमच्याकडं एक बी फोटू न्हाय. म्हणलं, बगू तर. समदे आडवे झाल्यावर, रानात आपण बी दिसावं म्हणून माझाच फोटू काढून त्यात घातला, आन् भिंतीकडं तोंड करून त्याला सांगितलं. त्याला ऐकूच जाईना, धा वेळा सांगितलं. आन् आलं ते असलं. कन्नडात बी कोप म्हंजे रागच की, माझ्या लगीच ध्यानात आलं. पुसायला गेलो तर ग्रुपवर गेलं. तिथनं पुसलं, वाटलं पुसलं. तवर समद्यांचे फोन वाजाय लागले.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मामंजी?” महानंदाबाईंच्या आवाजात राग होता, आणि लाजही.

“काय सांगू? सकाळी त्या पोरीला म्हणलो, ह्याला काम म्हणतेत का, दुकान बंद कर. आन् दुपारी म्याच लपून तेच करायलो, ते बी जमंना. मला लाज वाटली. वाटलं, दोन दिसांत विसरतेल. तुमी लगीन मोडाय निघालाव. मग तोंड उघडायला आणखीच जड झालं.”

शिवरंजनी उभी राहिली. ती रडेल असं मास्तरांना वाटलं होतं. ती रडली नाही.

“अप्पा, चित्र चुकलं ते यंत्राचं,” ती म्हणाली. “गप्प बसलात ते तुमचं. पाच-सहा दिवस माझे बाबा घराबाहेर पडले नाहीत.”

शरणप्पांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

“व्हय,” माणिकप्पा म्हणाले. “ते माझंच.”

त्यांनी फोन मागितला. बसवेश पुढं झाला, पण त्यांनी त्याला हातानंच थांबवलं आणि शिवरंजनीकडं पाहिलं. तिनं ग्रुप उघडून दिला आणि आवाजाचं बटण कुठं दाबून धरायचं ते दाखवलं.

“मी माणिकप्पा बिराजदार बोलतोय,” म्हातारा सभेत बोलल्यासारखा ताठ बसून बोलला. “ते चित्र म्या केलं हुतं. शिवरंजनीचा त्यात काय बी संबंध न्हाय. तिच्यावर ज्यानं ज्यानं शक घेतला, त्यानं माझ्यावर घ्यावा. उद्या शरणप्पांचं घर आमच्या रानात जेवाय येणार हाय. म्या सोता न्यायला जाणार हाय. लगीन करायचं का न्हाय ते पोरगी ठरवंल. दुकान तिचं हाय, ते चालूच ऱ्हाईल.”

बोट सुटलं. खोलीतले सगळे फोन एकामागून एक वाजले.

बसवेशनं तोंड उघडलं, पण शिवरंजनीनं त्याच्याकडं बघून मान हलवली. “तू उद्या बोल. शेतात, सगळ्यांसमोर. तेव्हा ठरवते.” त्यावर महानंदाबाई आत गेल्या आणि शरणप्पांसाठी चहा घेऊन आल्या. कप त्यांनी स्वतः त्यांच्या हातात दिला.

राजेश्वरी आणि मास्तर निघायला उठले. पण मास्तरांचा पाय दारातच अडला, कारण शिवरंजनी खाटेजवळ खुर्ची ओढून बसली होती आणि तिच्या मांडीवर फोन होता.

“सांगा अप्पा. कोप म्हणायचं नाही. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडी, एवढी एवढी उंच, असं म्हणायचं. पांडव नाही, चुना लावलेले पाच दगड. आणि अक्षरं नको म्हणून आधीच सांगायचं.”

पहिल्या चित्रात झोपडीला दार-खिडक्या आल्या. “ह्यो बंगला हाय,” माणिकप्पा म्हणाले. दुसऱ्यात दगड अंड्यांसारखे गुळगुळीत आले. तिसऱ्यात माती लाल आली, तेव्हा म्हातारा खरोखरच कोपला. “काळी! काळी म्हणून सांग त्याला, भेगाळलेली!” शिवरंजनी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेली. हळूहळू पडद्यावर रान जमू लागलं. उभी ज्वारी, मध्ये कडब्याची बुटकी झोपडी, पलीकडं तेरणेची रेघ.

“हे... हे लई जवळ आलं,” माणिकप्पा म्हणाले. त्यांचं बोट पडद्याच्या कडेला गेलं. “हितनं आई यायची. डोक्यावर आंबिलीचं गाडगं.”

“आईंचा फोटो आहे?”

“न्हाय. एक बी न्हाय.”

शिवरंजनीचे हात थांबले. “मग नको अप्पा. चेहरा नसला की यंत्र कुणाचाही लावतं. दुसऱ्याच बाईचं तोंड येईल.”

माणिकप्पांनी पडद्याच्या कडेवरचं बोट उचललं नाही. मास्तरांना काहीतरी सुचवायचं होतं, पण राजेश्वरीनं त्यांचा हात दाबला.

“तिला पाठमोरी काढ,” म्हातारा म्हणाला. “म्या तिच्या मागंच चालायचो.”